बटण दाबण्याआधी

बंगळूरच्या कस्तुरबा रोडवर, कब्बन पार्कला लागून विश्वेश्वरय्या औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालय आहे. आपले बहुतेक कॅडेट एकदा तरी तिथे जाऊन येतात. मीही शिक्षक म्हणून मुलांच्या तुकड्या घेऊन अनेकदा गेलो आहे. आवारातले एचएफ-२४ मारुत विमान दिसले की रांग मोडते, हे दरवेळचेच! १९६१ मध्ये पहिले उड्डाण केलेले हे लढाऊ विमान याच शहरात, हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये घडले आणि १९७१ च्या युद्धात लढले. पण आतल्या दालनांत गेल्यावर मुले एका बटणावरून दुसऱ्या बटणाकडे धावतात आणि तासाभरात ‘सगळे पाहून झाले’ म्हणतात. हे संग्रहालय पाहायचे कसे, यासाठी हा लेख.

आधी नावाविषयी. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या (१८६१–१९६२) कर्नाटकाचे खरे, पण इंजिनिअर झाले पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये. मुंबई इलाख्यात नोकरी करताना १९०३ मध्ये त्यांनी खडकवासला धरणावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीवर चढले की दरवाजे आपोआप उघडत, उतरले की मिटत. धरणाची भिंत न वाढवता पाणीसाठा वाढला. त्यांच्या नावाच्या या संग्रहालयाचे उद्घाटन १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले आणि १९६५ मध्ये विजेवरचे पहिले दालन लोकांसाठी खुले झाले.

संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी आठवते. ही पाटी काढून टाकण्याचा विचार जुना आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १८९९ मध्येच खास मुलांसाठी संग्रहालय सुरू झाले. १९६९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्सप्लोरेटोरियम’ उघडले. काही वर्षे त्यांनी शाळेत विज्ञान शिकवले होते. पाहणाऱ्याने स्वतः काहीतरी बदलून पाहिल्याशिवाय त्याला निसर्गाचे नियम उमगत नाहीत, ही त्यामागची धारणा.

अशा विज्ञान संग्रहालयांत हमखास भेटणारी दोन उदाहरणे घेऊ.

पहिले, हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू. झोत थोडा तिरका केला तरी चेंडू पडत नाही. का? चेंडू झोताच्या कडेला सरकला की हवा त्याच्या गोलाईला लगटून बाहेरच्या बाजूला वळते. चेंडू हवेला बाहेर लोटतो, म्हणून हवा चेंडूला आत लोटते. न्यूटनचा तिसरा नियम इथे डोळ्यांसमोर काम करताना दिसतो.

दुसरे, समोरासमोर दूर ठेवलेल्या दोन मोठ्या तबकड्या. एकीसमोर कुजबुजलेले दुसरीसमोर स्पष्ट ऐकू येते. वक्र पृष्ठभाग विखुरणारा आवाज गोळा करून समांतर पाठवतो आणि समोरची तबकडी तो पुन्हा एका बिंदूवर आणते. कान त्या बिंदूपासून वीतभर बाजूला नेला तरी आवाज क्षीण होतो. रडार येण्याआधी, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, शत्रूच्या विमानांची चाहूल लागावी म्हणून ब्रिटनने किनाऱ्यावर काँक्रीटचे असेच प्रचंड वक्र आरसे उभारले होते. विमानांचा वेग वाढला, तसे आवाज ऐकून सावध होण्याएवढा वेळ उरेना आणि रडारने त्यांची जागा घेतली.

आता यातून कॅडेटला काय मिळते? एसएसबीच्या मैदानावर तुमच्यापुढे फळी, बल्ली, दोर आणि ओलांडायचा अडथळा असतो. ‘बल गुणिले बलभुजा बरोबर भार गुणिले भारभुजा’ हे सूत्र दहावीच्या मुलाला पाठ असते. तरीही फळी आधारापलीकडे किती पुढे काढावी आणि मागच्या टोकावर कोणी उभे राहावे, हे ठरवताना चांगले हुशार कॅडेट गोंधळलेले मी पाहिले आहेत. आधारापासून १ मीटर मागे उभा असलेला ६० किलोचा मुलगा २ मीटर पुढे गेलेल्या ३० किलोच्या मुलाला जेमतेम तोलेल. फळीचे पुढचे वजन धरले तर तोही तोल जाईल. ज्याने तरफेचा दांडा स्वतः हाताने दाबून, आधार मागेपुढे सरकवून पाहिला आहे, त्याचा अंदाज कागदाशिवाय येतो. उद्या त्या फळीवर स्वतःचे जवान असतील, तेव्हा हा अंदाज अचूक असलेला बरा.

म्हणून माझ्या तुकडीला मी चार गोष्टी सांगतो.

एक, बटण दाबण्याआधी काय होईल ते मोठ्याने सांगा. अंदाज चुकला तर उत्तम. शिकण्याची सुरुवात तिथेच होते.

दोन, एका वेळी एकच गोष्ट बदला. वजन आणि अंतर दोन्ही बदलले तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

तीन, फलक शेवटी वाचा. आधी उत्तर वाचले की प्रयोग नुसता तमाशा होतो.

चार, एका भेटीत पाचच प्रयोग निवडा आणि वसतिगृहात परतल्यावर त्यांची चित्रे आठवून काढा. जे चित्रात उतरत नाही, ते समजलेले नाही.

पालकांनाही एक विनंती. सुटीत मुले घरी येतील, तेव्हा त्यांना जवळच्या विज्ञान केंद्रात घेऊन जा. मुंबईला वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, नागपूरला रामन विज्ञान केंद्र, पणजीजवळ मिरामारचे गोवा विज्ञान केंद्र आहे. लहान शहरांतही सोय आहे : सोलापूरला विज्ञान केंद्र आहे, कलबुर्गीला तर १९८४ पासून आहे. तिथे गेल्यावर ‘चल, पुढचे बघू’ अशी घाई करू नका. मूल एकाच प्रयोगापाशी अर्धा तास रेंगाळले तर रेंगाळू द्या. तिकिटाचे पैसे तिथेच वसूल होतात.