सियाचीनचं ‘चीता’

लढाऊ विमानांचे फोटो सगळेच टाकतात, मी आज आपल्या लाडक्या ‘चीता’ हेलिकॉप्टरबद्दल लिहितो. लेहची ११४ हेलिकॉप्टर युनिट, म्हणजेच ‘सियाचीन पायोनियर्स’, हे हेलिकॉप्टर घेऊन सियाचीनच्या चौक्यांवर जाते. सियाचीनवर ताबा मिळवणाऱ्या १९८४ च्या ऑपरेशन मेघदूतपासून हवाई दलाची हेलिकॉप्टरं तिथे राबतायत.

काही चौक्या २०,००० फुटांच्या आसपास. हवा इतकी विरळ की पंख्याला पुरेशी उचल मिळत नाही आणि इंजिनचाही दम कमी पडतो. त्यामुळे एका फेरीत सामान जेमतेम काही किलो, कधी तर रॉकेलचा एकच कॅन! हेलिपॅड म्हणजे बर्फातला छोटासा सपाट तुकडा. तिथे इंजिन बंद करायचं नाही, कारण ते पुन्हा सुरू होईल याची खात्री नसते. पंखा फिरत असतानाच जवान वाकून सामान उतरवतात, आजारी सोबत्याला आत बसवतात, की लगेच उड्डाण.

दुपारी वारा खवळतो, म्हणून शक्यतो सगळी धावपळ सकाळीच.

या ‘चीता’चं मूळ फ्रेंच ‘लामा’. १९७२ मध्ये फ्रेंच वैमानिक झाँ बूले यांनी ते १२,४४२ मीटरवर नेलं, वर इंजिन बंद पडलं, तरी नुसत्या फिरत्या पंख्याच्या जोरावर सुखरूप खाली उतरवलं. वैमानिक असावा तर असा!