दुसरी किल्ली कोणाकडे?

वणीहून एस. टी. ने मारेगावला उतरलो तेव्हा दिवाळी चार दिवसांवर आली होती. मारेगाव म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, कापसाच्या मुलखातले. आमच्या ताईच्या शेतात सीतादही होऊन पहिली वेचणीही आटोपली होती. घरात शिरताच भाजणीचा खमंग वास येईल अशा अपेक्षेने आम्ही उंबरठा ओलांडला. तो काय, सगळे कुटुंब ओसरीवर गोळा झालेले! ताई कपाळाला हात लावून बसली होती, आणि सरकारी कोषागारातून निवृत्त झालेले आमचे शांत प्रकृतीचे भाऊजी तिचा मोबाइल मुठीत आवळून उभे होते.

झाले होते ते असे. आमच्या भाच्याचे गावात कृषी सेवा केंद्र आहे. दुकानाच्या मिळकतीतून गेली चार वर्षे तो थोडे थोडे बिटकॉइन घेतो. त्यासाठी त्याने एका एक्स्चेंजमध्ये खाते उघडले, आणि तेव्हा घरातला जुना फोननंबर दिला. तो फोन आता ताईकडे असतो. त्या दुपारी तिला फोन आला : "तुमच्या मुलाचे खाते बंद पडत आहे. वाचवायचे असेल तर आत्ता आलेला सहा आकडी नंबर वाचून दाखवा." मुलाच्या काळजीने बिचारीने वाचायला सुरुवात केली. चार आकडे सांगून झाले, आणि पाचव्याच्या वेळी भाऊजींनी फोन हातातून ओढून घेतला!

"बिटकॉइन काय असते ते मला अजून समजले नाही," भाऊजी आम्हांला म्हणाले, "पण किल्ली काय असते ते समजते. खजिन्याच्या खोलीला दोन कुलपे. एकाची किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे, दुसऱ्याची खजिनदाराकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडायचे नाही. फोनवर कोणी किल्ली मागितली अन् आपण देऊन टाकली, असं होते काय?"

वाचकहो, 'टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन' असे भारदस्त नाव ज्याला आहे, ते हेच दुहेरी कुलूप. पहिली किल्ली म्हणजे पासवर्ड, आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट. दुसरी म्हणजे आपल्याजवळ असलेली वस्तू, बहुधा फोन. चोराने एक मिळवली तरी दार बंदच राहावे, एवढाच ह्यातला हेतू. आपल्याला हे नवे नाही. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डावरच्या ऑनलाइन खरेदीला अशी दुसरी खातरजमा सक्तीची केली. मग बिटकॉइनसाठीच एवढा बाऊ का? कारण बँकेत चूक झाली तर दाद मागायला निदान बँक असते. बिटकॉइन एकदा दुसऱ्याच्या पत्त्यावर गेले आणि त्याची नोंद पक्की झाली, की ते परत फिरवणारा अधिकारी साऱ्या जगात नाही!

आम्ही भाच्याला विचारले, "अरे, तुझा पासवर्ड तरी काय आहे?" पठ्ठ्याने मुलीचे नाव आणि तिचे जन्मसाल ठेवले होते, शिवाय ईमेललाही तोच! "मामा, लक्षात राहाते ना!" चोराच्याही लक्षात राहाते, हे त्याला कोण सांगणार? सहा आकडे ताईच्या फोनवर आले, ह्याचाच अर्थ पहिली किल्ली बहुधा आधीच चोराच्या हाती गेली होती. सगळी मदार उरली होती ती त्या शेवटच्या दोन आकड्यांवर.

भाच्याने तेव्हाच दोन्ही पासवर्ड बदलले. एकासारखा दुसरा नाही असे. रात्री जेवणे झाल्यावर दुसऱ्या किल्लीचा विचार सुरू झाला. एस. एम. एस. ने येणारे आकडे सिमकार्डामागे जातात, आणि खोटी कागदपत्रे दाखवून आपल्या नंबराचे दुसरे सिम काढणारे महाभाग आहेत. त्यापेक्षा ऑथेंटिकेटर ॲप बरे. एक्स्चेंज पडद्यावर ठिपक्यांचा एक चौकोन दाखवते. फोनने तो टिपला, की एक गुपित दोघांकडेही राहाते. पुढे ते गुपित आणि घड्याळातली वेळ ह्यांच्या गणितातून दर ३० सेकंदांनी नवे सहा आकडे निघतात. दोन्हीकडचे आकडे जुळले की दार उघडते. ह्याला नेटवर्कही लागत नाही. भाच्याने फोन एअरप्लेन मोडवर टाकला, तरी आकडे आपले बदलत होते! फोनचे घड्याळ तेवढे बरोबर हवे.

मात्र हे आकडेही सांगायचे नाहीत, आणि कोणी पाठवलेल्या दुव्यावरून उघडलेल्या पानावर भरायचे नाहीत. हुबेहूब एक्स्चेंजसारखे खोटे पान मांडून चोर त्याच ३० सेकंदांत ते खऱ्या पानावर वापरू शकतो. रक्कम मोठी असेल तर बोटाएवढी सुरक्षा-किल्ली विकत मिळते. ती पानाचा पत्ता स्वतः तपासते आणि खोट्याला दाद देत नाही.

इतका वेळ गप्प असलेली ताई एकदम म्हणाली, "अन् हा फोनच विहिरीत पडला तर?"

साऱ्या चर्चेत हा प्रश्न सर्वांत शहाणपणाचा होता! कुलूप चोराला अडवते तसे किल्ली हरवलेल्या मालकालाही अडवते. वेल्समधल्या जेम्स हॉवेल्स ह्यांची हार्ड डिस्क २०१३ साली चुकून कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे ८००० बिटकॉइनची किल्ली होती. कचराडेपो उकरू द्या म्हणून ते कोर्टात गेले. जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने दावा फेटाळला. एक्स्चेंजचे खाते ओळख पटवून पुन्हा मिळण्याची आशा असते, पण खटपट करावी लागते. म्हणून दुसरे कुलूप लावताना जे राखीव आकडे मिळतात ते त्याच वेळी कागदावर उतरवावेत. त्यांचा फोटो फोनमध्ये ठेवू नये. फोनबरोबर तोही विहिरीत जायचा!

ह्या कुलपाची मर्यादाही सांगितली पाहिजे. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स ह्या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २००० कोटी रुपयांचे चलन चोरीला गेले. त्या तिजोरीला तर अनेकांच्या सह्या लागत होत्या! खातेदारांनी आपापली दारे नीट लावली होती, पण वाड्याची तिजोरीच फुटली. तेव्हा सगळी पुंजी एका ठिकाणी नको. भाव कोसळला तर त्यालाही कुलूप नाही. आणि नफा झाला तर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहेच. फसगत झालीच, तर लाजत न बसता ताबडतोब १९३० ह्या नंबरावर फोन करावा.

वाटणी अखेर भाऊजींनी केली, अगदी खजिन्याच्या रीतीने. पासवर्ड मुलाकडे. राखीव आकड्यांचा कागद पाकिटात बंद करून कपाटात. कपाटाची किल्ली स्वतःकडे. आणि सूनबाईंना दोन्हींचा ठावठिकाणा माहीत हवा. उद्या माणसाचे बरेवाईट झाले तर पैसा असून नसल्यासारखा व्हायला नको.

लक्ष्मीपूजनाला दुकानाच्या वहीशेजारी ते पाकीटही मांडले गेले. ताईने त्याला हळदकुंकू वाहिले, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर! तिने आमच्याकडे एकवार पाहिले, फोन कानाला लावला आणि ठणकावून सांगितले, "किल्ली आमच्या ह्यांच्याकडे आहे. अन् ते कोणाला देत नाहीत!"

पलीकडून बोलत होता मिठाईवाला. पेढे तयार झाले, एवढेच त्याला सांगायचे होते.