भोपाळचा प्रश्न आणि संसदेतील उत्तर

परकीय कंपनीच्या कारखान्यामुळे ज्या शहरावर अनर्थ ओढवला, त्या शहराच्या नागरिकाने जाब कोणाला विचारावा, हा प्रश्न भोपाळपुढे 1984 मध्ये उभा राहिला. त्या वर्षी 2 व 3 डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. अमेरिकेतील मूळ कंपनीचे अध्यक्ष वॉरेन अँडरसन 7 डिसेंबर रोजी भोपाळात आले. त्यांना अटक झाली आणि त्याच दिवशी जामिनावर सुटून ते शहराबाहेर गेले. ते पुन्हा भोपाळच्या न्यायालयापुढे उभे राहिले नाहीत. अशा रीतीने एका फौजदारी खटल्याचा धागा परराष्ट्र व्यवहारात गुंतला.

मध्य प्रदेशाची विधानसभा भोपाळातच भरते. परंतु परराष्ट्र व्यवहार, परदेशांशी होणारे करार आणि आरोपींचे प्रत्यार्पण हे तिन्ही विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत येतात. त्यामुळे रुग्णालये व मदतकार्य यांविषयी राज्याच्या मंत्र्याला भोपाळात विचारता येते. पण अमेरिकेकडे कोणती मागणी केली, याचे उत्तर दिल्लीच द्यावयाचे असते.

तेथे विचारण्याची रीत ठरलेली आहे. सदस्याने किमान पंधरा दिवस आधी लेखी सूचना द्यावयाची. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतो व त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते. लोकसभेत एका दिवशी तारांकित प्रश्न वीसच घेतले जातात आणि त्यांतलेही मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात. अतारांकितांची मर्यादा 230 आहे. म्हणून बहुतेक माहिती छापील उत्तरांतूनच बाहेर येते.

भोपाळच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. वायुपीडितांचा विषय रसायन व खते मंत्रालयाकडे, तपास करणारा केंद्रीय अन्वेषण विभाग कार्मिक मंत्रालयाच्या कक्षेत, आणि परदेशाशी पत्रव्यवहार परराष्ट्र मंत्रालयाकडे. सामान्य माणसाच्या दृष्टीने एकच असलेला प्रश्न असा तीन दारी वाटला जातो. कोणत्या मंत्र्याला काय विचारावयाचे, हे नेमके ठरले नाही, तर उत्तर खरे असूनही अपुरे राहते.

नियमांची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. जी बाब मुळात भारत सरकारच्या अखत्यारीतील नाही, तिच्यासंबंधी प्रश्न स्वीकारला जात नाही. मित्रराष्ट्राविषयी असभ्य उल्लेखही चालत नाही. तेव्हा ‘अमेरिका आरोपीला का देत नाही?’ असे विचारून फारसे हाती लागत नाही. ‘सरकारने मागणी कोणत्या तारखेस केली, तिला काय उत्तर आले व त्यानंतर काय केले?’ असे विचारले म्हणजे मंत्र्याला स्वतःच्या कृतीचा हिशेब द्यावा लागतो.

या हिशेबातील तारखा बोलक्या आहेत. 1989 मध्ये कंपनीशी 47 कोटी डॉलरांची तडजोड झाली, तेव्हा फौजदारी कारवाईही थांबविण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये तडजोड कायम ठेवून खटले मात्र पुन्हा सुरू केले. 1992 मध्ये भोपाळच्या न्यायालयाने अँडरसन यांना फरारी घोषित केले. भारत व अमेरिका यांच्यातील प्रत्यार्पण करारावर 1997 मध्ये सह्या झाल्या आणि 1999 मध्ये तो अंमलात आला. अँडरसन यांच्या प्रत्यार्पणाची मागणी अमेरिकेकडे गेली ती मे 2003 मध्ये. फरारी ठरविल्यापासून मागणी जाईपर्यंत अकरा वर्षे लोटली होती. जून 2004 मध्ये अमेरिकेने ती नाकारली. करारातील काही अटींची पूर्तता होत नाही, असे कारण दिले. अशा करारात कृत्य दोन्ही देशांच्या कायद्यांनुसार गुन्हा ठरावे लागते, आणि आरोपीचा त्या कृत्याशी संबंध दाखविणारा पुरावा मागणीसोबत जोडावा लागतो. 2011 मध्ये पुन्हा मागणी करण्यात आली. 29 सप्टेंबर 2014 रोजी अँडरसन यांचे अमेरिकेत निधन झाले आणि त्यांच्यापुरता हा विषय संपला.

मग एवढ्या प्रश्नोत्तरांनी साधले काय? उत्तराने कोणी आरोपी परत आणला नाही, हे खरेच. परंतु सभागृहात दिलेले उत्तर ही सरकारची नोंदलेली जबानी असते. ते चुकीचे ठरल्यास मंत्र्याला सभागृहापुढे दुरुस्ती करावी लागते. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा केली जात आहे’ अशा उत्तरांवरही विषय तिथेच मिटू नये, म्हणून पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांच्या कारकिर्दीत, 1953 मध्ये, लोकसभेची शासकीय आश्वासन समिती स्थापन झाली. मंत्र्याने दिलेले आश्वासन सामान्यतः तीन महिन्यांत पुरे व्हावे, अशी अपेक्षा असते. विलंब झाल्यास समिती त्याची विचारणा करते.

परराष्ट्र व्यवहारात गुप्ततेला स्थान आहे. चालू वाटाघाटींतील प्रत्येक कागद उघड करता येत नाही. परंतु गुप्तता आणि दिरंगाई या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीच्या आड दुसरी लपत आहे की काय, हे तपासण्याचे साधन म्हणजे वेळेवर विचारलेला नेमका प्रश्न. 1992 ते 2003 या काळात कागद कोठे अडला, हे प्रत्येक अधिवेशनात तारीखवार विचारले जाणे भोपाळच्या पीडितांच्या दृष्टीने अगत्याचे होते. दूरदेशीच्या आरोपीपर्यंत नागरिकाचा हात पोहोचत नाही. आपल्या खासदारापर्यंत मात्र तो पोहोचतो, आणि खासदाराचा प्रश्न मंत्र्यापर्यंत.