वारसा की साक्ष? : मराठी ख्रिस्ती घरांतील श्रद्धेचा प्रवास

आमच्या घरी एक जुने पवित्र शास्त्र आहे. त्यात जुना करार संपतो आणि नवा करार सुरू होतो, त्यांच्यामध्ये चार कोरी पाने बांधलेली आहेत. आजोबांनी या पानांवर रेघा ओढून रकाने पाडले होते : जन्म, बाप्तिस्मा, विश्वासाची कबुली, विवाह आणि शेवटचा 'प्रभूमध्ये निद्रिस्त'. चार पिढ्यांची नावे तिथे वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आहेत. शेवटची नोंद माझ्या मुलीची. तिच्या नावापुढे जन्म आहे, बाप्तिस्मा आहे आणि पुढचा रकाना कोरा आहे.

दोन वर्षांपूर्वी नाताळात ती पुण्याहून घरी आली होती. पाने चाळताना म्हणाली, "आई, घर, शेत, दागिने हे वारशाने मिळते, हे समजते. पण देव वारशाने कसा मिळेल?" मग पान उलटून तिने दुसरा प्रश्न विचारला, "आणि हे खोडलेले नाव कोणाचे आहे?"

पहिल्या प्रश्नासाठी मी वाचनाकडे वळले. दुसऱ्याचे उत्तर मला ठाऊक होते, पण ते मी कधी कोणाला दिले नव्हते. हे दोन प्रश्न एकच आहेत, हे मला उशिरा कळले.

ख्रिस्ती घरात श्रद्धा पुढच्या पिढीकडे जाते तेव्हा नेमके काय होते, हे आधी पाहू. ज्या मंडळ्यांत बालबाप्तिस्मा देतात, तिथे मूल बोलायला लागण्यापूर्वीच त्याचा मंडळीत प्रवेश होतो. त्याच्या वतीने आईबाप वचन देतात. मात्र तेवढ्याने काम पुरे होत नाही. जाणत्या वयात त्याने मंडळीसमोर उभे राहून स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा असतो. आता आमच्याकडे त्याला दृढीकरण म्हणतात. म्हणजे पहिली पायरी वारशाची आणि दुसरी साक्षीची. पहिली दुसऱ्याने तुमच्यासाठी चढायची, दुसरी तुमची तुम्ही. या दोहोंमध्ये बारा-पंधरा वर्षांचे अंतर असते. घराने काय शिकवले आणि कसे शिकवले, हे त्या अंतरात ठरते.

हा पेच मराठीत फार जुना आहे. इंग्लंडहून 1579 साली गोव्यात आलेले येशूसंघीय पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी साष्टीतल्या नवख्रिस्ती कुटुंबांमध्ये आयुष्य घालवले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली छापून आले. मराठी ओवीतला हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रोमन लिपीत छापला होता. ग्रंथाची पार्श्वभूमी बोलकी आहे. मुले चर्चमध्ये प्रश्नोत्तरे आणि प्रार्थना पाठ करत होती, पण घरी संध्याकाळी ऐकायला काही नव्हते. जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी दुसरे काही आले नव्हते. सिद्धान्त पाठ झाला तरी कथेची भूक राहते, आणि ज्या घरात कथा नाही त्या घरात सिद्धान्तही फार दिवस टिकत नाही, हे स्टीफन्स यांनी ओळखले. पुढे 1684 साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. ख्रिस्तपुराणाच्या सुरुवातीच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. तरीही ग्रंथ वाचला तो घरोघरच्या हस्तलिखितांमुळे. 1907 साली मंगळूरला जी आवृत्ती निघाली, ती अशा हस्तलिखितांवरूनच सिद्ध झाली. छापखाना आणि सरकार या दोहोंपेक्षा माजघर अधिक चिवट ठरले.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटिज येथे रमाबाई आणि त्यांची लहानगी मनोरमा या दोघींचा बाप्तिस्मा झाला. आईने पूर्ण विचारांती धर्म स्वीकारला होता, मुलीला तो कडेवर असताना मिळाला. रमाबाई आणि त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डाइन यांचा पत्रव्यवहार आज प्रसिद्ध आहे. मनोरमेला धर्माचे शिक्षण कोणी आणि किती द्यावे, यावरून त्या दोघींत चांगलेच खटके उडाले. रमाबाईंनी संस्थेचे उपकार मानले, पण मुलीच्या मनावरचा अधिकार संस्थेला द्यायला त्या तयार नव्हत्या. ज्या बाईने स्वतः प्रश्न विचारत धर्म गाठला, तिला मुलीचे प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य मोलाचे वाटले, यात नवल नाही. मनोरमा मोठी झाली ती आईच्या कामाची उजवी हात होऊन. केडगावच्या मुक्ती मिशनची वारस तीच होती. पण 1921 साली ती गेली आणि पुढच्याच वर्षी आई. रमाबाईंचे बायबलचे मराठी भाषांतर 1924 साली प्रसिद्ध झाले. ते त्यांनी साध्या, अल्पशिक्षित बायकांना समजावे अशा भाषेत केले होते. पोटची वारस राहिली नाही, तरी वारसा भाषेतून चुलीजवळ पोचला.

तिसरे घर टिळकांचे, आणि ते मराठी वाचकांना सर्वांत परिचयाचे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 साली. मधली पाच वर्षे 'स्मृतिचित्रे'त आहेत. लक्ष्मीबाई पतीच्या सहवासात परतल्या, तरी आपले सोवळे आणि आपला वेगळा स्वयंपाक त्यांनी सोडला नाही. टिळकांनी तो बळाने मोडला नाही. एका छपराखाली दोन धर्म राहिले. नवऱ्याने घेतला म्हणून बायकोनेही घ्यावा, एवढ्यावर त्या पुढे गेल्या असत्या, तर 'स्मृतिचित्रे' इतके खरे पुस्तक झाले नसते. जातिभेद माणसाने केला आहे, हे त्यांना स्वतःला पटले तेव्हा त्यांचे सोवळे सुटले, आणि बाप्तिस्मा त्यानंतर आला.

या घरातल्या पुढच्या घटना पाहा. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हाती घेतले आणि थोडेच अध्याय लिहून 1919 साली ते गेले. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे बहुतेक सारे अध्याय लिहिले. तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, 1938 साली प्रसिद्ध झाला. मुलगा देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' उभी राहिली. देवदत्तांनी 'ज्ञानोदय'चे संपादन केले. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी 'स्मृतिचित्रे'ची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. तिसऱ्या पिढीच्या हातात आजी-आजोबांची श्रद्धा आली ती त्यांच्या शंका, भांडणे आणि अबोले यांच्यासकट. काहीही गाळून, धुवून पुढे दिले गेले नाही. मला वाटते, म्हणूनच ती पोचली.

आता आमच्यासारख्या घरांकडे येते, ज्यांच्यावर पुस्तके लिहिली गेली नाहीत. अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) 1831 साली सुरू झाले. पुढे आसपासच्या खेड्यांत जे ख्रिस्ती झाले, त्यांत महार आणि मांग कुटुंबे मोठ्या संख्येने होती. माझी पणजी त्यांतली. गावात येणाऱ्या बायबल-बाईकडून ती भजने शिकली. तिला आणि नंतर माझ्या आजीलाही अक्षरओळख नव्हती. पण जात्यावर, चुलीपुढे, आजाऱ्याच्या उशाशी त्या जे गात, त्यात ख्रिस्तजन्मापासून वधस्तंभापर्यंत सारे येई. टिळकांची पदे अभंगाच्या वळणाची, म्हणून ती तोंडात बसत. आमच्या घरी श्रद्धा पुस्तकातून आली नाही, ती कानातून आली.

पण घराबाहेर या श्रद्धेची किंमत होती. 1950 साली राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश निघाला. हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा समजू नये, असे त्यात होते. 1956 साली शिखांचा आणि 1990 साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती बाहेरच राहिले. गावाच्या लेखी जात तीच, विहिरीवरची वागणूक तीच. शाळेची फी, वसतिगृह आणि नोकरी यांचे दार मात्र बंद. तेव्हा अनेक घरांत एक नाव मंडळीच्या वहीत राहिले आणि दुसरे सरकारी दाखल्यावर गेले. ही गोष्ट आमच्यात सगळ्यांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही.

खोडलेले नाव माझ्या थोरल्या काकांचे होते. 1952 साली त्यांनी 'हिंदू महार' असा दाखला काढला आणि त्यावर नोकरी मिळवली. आजोबा मंडळीतले वडीलजन होते. त्यांनी त्याच रात्री दौत-टाक घेऊन शास्त्रातल्या नावावर दोन आडव्या रेघा मारल्या. त्यानंतर काका आमच्या घरी जेवले नाहीत. त्यांच्या पगारातून माझ्या वडिलांचे आणि आत्याचे शिक्षण झाले. तो पैसा आजी मुकाट्याने घेत असे आणि आजोबा विचारत नसत. मी लहानपणी एवढेच ऐकले की, काकांनी 'ख्रिस्त विकला'. मीही ते वाक्य कधी तपासले नाही.

मुलीच्या प्रश्नानंतर मी काकूंकडे गेले. त्या नव्वदीच्या घरात आहेत. काका रोज संध्याकाळी दार लोटून काय करत, हे त्यांनी सांगितले. आजीची भजने, आजीच्याच चालीवर, हलक्या आवाजात. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नयेत म्हणून हलक्या आवाजात. मुलांना त्यांनी ती शिकवली नाहीत, कारण मुलांच्या तोंडून शाळेत काही निघाले असते तर नोकरी गेली असती. म्हणजे श्रद्धा होती, पण ती पुढे देता आली नाही. माझी चुलत भावंडे आज ख्रिस्ती नाहीत. आजोबांच्या दोन रेघांनी आणि सरकारच्या एका परिच्छेदाने मिळून ती वाट बुजवली.

टिळकांनी 1917 साली 'देवाचा दरबार' स्थापला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. हे मी अनेकदा वाचले होते, भाषणातही सांगितले होते. आपल्याच काकांना त्या दरबारात जागा मिळाली असती, हे मात्र कधी सुचले नाही.

तेव्हा मुलीच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. देव वारशाने मिळत नाही. वारशाने मिळते ती भाषा, ज्यात देवाशी बोलता येईल किंवा भांडता येईल : कथा, चाल, प्रार्थनेचे शब्द. स्टीफन्स यांनी तिच्यासाठी ओवी वापरली, रमाबाईंनी बायकांची मराठी आणि आजीने जात्यावरचा सूर. ही शिदोरी बांधून देणे वडीलधाऱ्यांचे काम. ती सोडून खायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. जिथे नकाराला जागा ठेवली, तिथे लक्ष्मीबाई पाच वर्षांनी स्वतःच्या पायांनी आल्या. जिथे नकार खोडून काढला, तिथे काकांचे दार आतून लागले. आणि काकांनी तर नकारही दिला नव्हता.

या नाताळात मुलगी पुन्हा आली तेव्हा मी तिला हे सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझा रकाना नंतर बघू. आधी त्यांचे नाव लिही." आजोबांच्या रेघांखाली जागा नव्हती, म्हणून मी पानाच्या कडेला लिहिले : काकांचे नाव, जन्म, बाप्तिस्मा. 'विश्वासाची कबुली' या रकान्यापाशी मी थांबले. काकूंनी सांगितलेले आठवून तिथे लिहिले, 'रोज संध्याकाळी'.

मुलीचा रकाना अजून कोरा आहे. जाताना मात्र तिने आजीची दोन भजने माझ्याकडून फोनवर ध्वनिमुद्रित करून नेली. चाल मला नीट येत नाही, काकूंना येते. पुढच्या खेपेला तिला त्यांच्याकडे घेऊन जाणार आहे.