इरफानच्या लघुपटांकडेही बघा!

इरफान खान म्हटलं की 'मकबूल', 'पानसिंग तोमर', 'द लंचबॉक्स' ही नावं लगेच ओठांवर येतात. त्याचे लघुपट मात्र चाहत्यांच्याही यादीत सहसा नसतात, आणि ही खरंच हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे.

'द बायपास'पासून सुरुवात करावी. 2003 चा, जेमतेम पंधरा-सोळा मिनिटांचा, जवळपास संवादच नसलेला चित्रपट. दिग्दर्शक अमित कुमार. राजस्थानातला निर्मनुष्य रस्ता, वाटसरूंना लुटणारे दरोडेखोर आणि भ्रष्ट पोलिसाच्या भूमिकेत इरफान. दरोडेखोरांपैकी एक आहे नवाजुद्दीन सिद्दिकी, तेव्हा फारसं कुणाला ठाऊक नसलेला! 'द लंचबॉक्स'च्या दहा वर्षं आधी ही जोडी पडद्यावर आली होती.

2007 मध्ये एड्सविषयी जागृतीसाठी चार दिग्दर्शकांनी चार लघुपट केले. त्यातल्या मीरा नायर यांच्या 'मायग्रेशन'मध्ये इरफान समलैंगिकता लपवून संसार करणारा नवरा आहे. मोठा नायक होऊ पाहणाऱ्या नटाने त्या काळी अशी भूमिका घेणं सोपं नव्हतं.

सगळ्यात लोभस काम मात्र 'न्यूयॉर्क, आय लव्ह यू'मधल्या मीरा नायर यांच्याच छोट्या कथेत आहे. इरफान जैन हिरेव्यापारी, समोर नॅटली पोर्टमन, लग्नाच्या उंबरठ्यावरची सनातनी ज्यू तरुणी. हिऱ्यांच्या भावावरून घासाघीस चालते, मग कुणाच्या धर्मात काय खायचं नाही यावर गप्पा रंगतात. ती डोक्यावरचा केसांचा टोप काढते, तेव्हा फक्त इरफानच्या डोळ्यांकडे बघा.