मशरूम खाल्ल्याने कोलेस्ट्रॉल आणि शुगर कमी होते का?

शुगर आणि बीपीच्या गोळ्या आता आपल्या अनेक घरांत दिसतात. त्यातच "मशरूम खा, गोळ्या बंद करा" असे मेसेज मोबाईलवर फिरतात आणि मशरूमची महागडी पावडर औषध म्हणून विकली जाते. म्हणून यातले खरे किती, हे आपण नीट समजून घेऊ.

मशरूममध्ये काय असते?

१०० ग्रॅम ताज्या बटण मशरूममध्ये साधारण २२ कॅलरी, ३ ग्रॅम प्रथिने आणि ३ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. कोलेस्ट्रॉल अजिबात नसते. पोटॅशियम भरपूर आणि मीठ अगदी कमी असते.

कोलेस्ट्रॉलवर परिणाम

मशरूममध्ये बीटा-ग्लुकन नावाचा तंतुमय पदार्थ असतो. असे तंतू आतड्यात पित्तरसाला धरून ठेवतात व शौचावाटे बाहेर नेतात. मग नवे पित्त तयार करण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्ट्रॉल वापरते. धिंगरी मशरूममध्ये लोवास्टॅटिन हा घटकही सापडतो. याच नावाची कोलेस्ट्रॉलची गोळी १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. पण मशरूममधले त्याचे प्रमाण कमी-जास्त होते, त्यामुळे भाजीची वाटी म्हणजे गोळी नव्हे. माणसांवर झालेले अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत.

शुगरवर परिणाम

१०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदके असतात. मशरूममध्ये ती फार कमी असल्याने जेवणानंतर शुगर एकदम वाढत नाही. तंतूंमुळे पोटही लवकर भरते. मात्र फायदा होतो तो ताटातले काहीतरी बदलल्यावर. भात तेवढाच ठेवून वर मशरूम खाल्ले, तर शुगर कमी होणार नाही. भात थोडा कमी करून भाजी वाढवली, किंवा चरबीच्या मटणाऐवजी कधी मशरूम केले, तर उपयोग होतो.

कसे खावे?

नेहमी शिजवून खावे. तेल कमी घालावे. तळलेले मशरूम किंवा मलईची ग्रेव्ही केली तर फायदा निघून जातो. डबाबंद मशरूममध्ये मीठ जास्त असते, म्हणून बीपीच्या रुग्णांनी ते धुऊन घ्यावे. युरिक ॲसिडचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे.

पावसाळ्यात विदर्भात सात्या, कोकणात अळंबी आवडीने खातात. पण ओळख पक्की नसेल तर रानातले मशरूम खाऊ नये. काही विषारी जाती शिजवूनही विषारीच राहतात आणि त्यांची लक्षणे ६ ते १२ तास उशिरा दिसतात. तोवर यकृताला इजा सुरू झालेली असते. शंका आली तरी लगेच दवाखाना गाठावा.

गोळ्या बंद करू नका

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन मनाने बंद केल्यास डोळे, किडनी आणि पाय धोक्यात येतात. उपाशीपोटी शुगर १२६ किंवा त्याहून जास्त येत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी एचबीए१सी तपासणीतून कळते. आहार बदलल्याचा परिणाम झाला की नाही, हे या तपासणीवरून ठरवावे.

कोणी सांगितले म्हणून मानू नये, स्वतः तपासून पाहावे, ही आपली शिकवण आहे. वस्तीत आरोग्य शिबिर घेणाऱ्या तरुणांनी एवढे जरूर सांगावे: मशरूम हे चांगले अन्न आहे, औषध नाही.