पिंजऱ्यातली बाळंतीण

पांढरी उंदरीण: डोळे लाल, शेपूट गुलाबी, वजन पाव किलोच्या आसपास. प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात असो की हौसेने पाळणाऱ्याच्या घरात, तिला ना सुईण, ना माहेर. तरी एका वेळी आठ-दहा पिल्लांचं सगळं ती एकटीने करते. कसं, ते बघा.

आधी घर, मग बाळ
पोटात पिल्लं 21 ते 23 दिवस. दिवस भरत आले की तिची लगबग सुरू होते. कागदाच्या पट्ट्या, टिश्यू पेपर, जे मिळेल ते दातांनी फाडून ती कोपऱ्यात वाटीसारखं घरटं रचते. पिल्लं जन्मतात ती उघडीवाघडी, अंगावर लवसुद्धा नाही. स्वतःची ऊब धरून ठेवणं त्यांना जमत नाही, म्हणून हा कागद हीच त्यांची गोधडी. तो तिला भरपूर द्यावा.

पोटातलं दूध बाहेरून दिसतं
नवजात पिल्लू 5-6 ग्रॅमचं. डोळे मिटलेले, कानही बंद. कातडी इतकी पातळ, की पोटातलं दूध बाहेरून पांढऱ्या पट्ट्यासारखं दिसतं. पट्टा दिसला की जाणकार निश्चिंत होतात: बाळ पोटभर प्यायलंय.

आईला डुलकी, पिल्लांना दूध
आईला स्तन 12. पिल्लं तासन् तास चिकटलेली असतात, पण दूध सतत येत नाही. काही मिनिटांनी एकदा पान्हा फुटतो, तोही आईचा डोळा लागलेला असताना! त्या क्षणी सगळी पिल्लं एकदम हातपाय ताणतात आणि पुन्हा सैलावतात.

जीभ हेच औषध
सुरुवातीच्या दिवसांत पिल्लांना आपली आपण लघवी होत नाही. आई पोटाखाली चाटते, तेव्हा होते. ती लघवी आई चाटून घेते, आणि दुधात गेलेलं पाणी अशा रीतीने थोडंफार तिच्याकडे परत येतं.

आपल्याला न ऐकू येणारी हाक
एखादं पिल्लू घरट्याबाहेर घरंगळून गार पडलं की हाका मारतं, साधारण 40 किलोहर्ट्झच्या. माणसाचा कान 20 किलोहर्ट्झच्या पुढे ऐकत नाही. आपल्याला पिंजरा शांत वाटतो, आई मात्र धावत येते, पिल्लू अलगद तोंडात धरते आणि घरट्यात आणून ठेवते.

कळ दाबा, बाळ मिळवा
1969 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कळ दाबली की एक पिल्लू मिळायचं. आया कळ दाबत राहिल्या, पिल्लं घरट्यात नेत राहिल्या. एकीने तर तीन तासांत सहाशेहून जास्त वेळा हा खटाटोप केला.

बाबांना लांब ठेवा
बाळंत झाल्यावर 24 तासांच्या आत ती पुन्हा गाभण राहू शकते. तिला उसंत मिळावी म्हणून नराला बाळंतपणाआधीच वेगळ्या पिंजऱ्यात हलवावं.

दुधातून पहिला धडा
आईने जे खाल्लं त्याची चव दुधात उतरते. दोन आठवड्यांनी डोळे उघडतात, पिल्लं दाण्यांकडे वळतात आणि आईच्या खाण्यातला ओळखीचा पदार्थ आधी उचलतात. 21 दिवसांच्या आसपास दूध सुटतं. जितके दिवस पोटात, जवळपास तितकेच अंगावर!

लेकीला मिळालेला वारसा
सगळ्या आया सारखं चाटत नाहीत. काही भरभरून चाटतात, काही जेवढ्यास तेवढं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि सहकाऱ्यांनी कमी चाटणाऱ्या आयांच्या पोरी जन्मतःच भरभरून चाटणाऱ्या आयांच्या कुशीत घातल्या. त्या मोठ्या होऊन स्वतः आया झाल्या, तेव्हा त्यांनीही आपल्या पिल्लांना भरभरून चाटलं. जन्मदात्रीची नव्हे, वाढवणारीची माया त्यांच्या जिभेवर उतरली होती.